सुमनचा माड आणि माझा गेंड्या

माड वाचवायचं शास्त्र आमच्या घरात फक्त मला ठाऊक होतं. म्हणून तो मेला.

हा माड माझ्या बायकोने, सुमनने, परसात लावलेला. (मी म्हणालो होतो, "कातळ आहे, इथे जगायचा नाही." तो नारळांनी लगडला!) गेल्या वर्षी सुमन गेली. तेव्हापासून रोज सकाळी मी चहा घेऊन त्याच्याजवळ बसायचो. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

एके दिवशी झावळ्या कात्रीने कातरल्यासारख्या दिसल्या. मोबाईलवरचे फोटो ताडून बघितले आणि मुंबईला लेकीला फोन लावला.

"नीता, गेंड्या भुंगा! शेंड्यात शिरलाय."

"बाबा, नारळ पाडणाऱ्याला बोलवा. तुम्ही चढू नका हां!"

नारळ पाडणारा म्हणाला, पुढच्या आठवड्यात. तोवर सुमनचा माड त्या शिंगवाल्याच्या घशात? छे! माड फार उंच नव्हता (मीही फार तरुण नव्हतो). कोयतीने बुंध्यात पाय ठेवायला खाचा पाडत वर पोचलो. खालून शेजारचे दाजी ओरडत होते, "अहो भाऊ, उतरा आधी! वहिनी गेल्या, तुम्हाला कसली घाई?"

तारेच्या आकड्याने गेंड्या ओढून काढला. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. काय ते कौतुक! छाती सोलवटली होती, तरी फुगली.

काही महिन्यांनी खाचांतून तांबूस चीक ओघळायला लागला.

"जखम भरतेय," मी दाजींना समजावलं आणि वर सिमेंट थापलं. मग शेंड्याने मान टाकली. नीता धावत आली. तिने बुंध्याला कान लावला.

"बाबा, आत काहीतरी कुरतडतंय." तिने मोबाईल काढला. "सोंड्या भुंगा. याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. हा भुंगा ताज्या जखमेच्या वासाने..." तिने माझ्या खाचांकडे पाहिलं.

"वाच की!"

"बुंध्यात खाचा पाडू नयेत, असं लिहिलंय, बाबा."

माड तोडला तेव्हा मी पडवीत पाठ करून बसलो होतो. पोरासारखा रडलो, खोटं कशाला बोलू! सुमन दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी मी पाठवली.

दाजी शेजारी येऊन टेकले.

"भाऊ, अखेर खाल्ला कोणी? गेंड्याने की सोंड्याने?"

"त्या बिचाऱ्यांना कशाला नावं ठेवता?" मी डोळे पुसले. "तिसराच होता. दोन पायांचा. नीता नवीन रोप आणायचं म्हणतेय, त्याआधी माझ्यावर फवारणी करून घ्या!"