ताऱ्यांच्या विक्रीतला खड्डा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे थांबवू नका. जगतपुऱ्यात मी जी माती खाल्ली ना, ती अजून दातांत कचकचतेय!

पोराला, निखिलला, घेऊन त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. माझा सांगानेरात छापील चादरींचा धंदा. शिक्षण दहावी नापास, बाकी सगळं दुकानात शिकलो. बायकोनं ऑटोतच बजावलं, "तिथे दुकान उघडू नका. मुलीची आई प्रोफेसर आहे."

बसतो तर काय, समोरच्या भिंतीवर आलेख! रेघ वर चढते, खाली येते, पुन्हा वर, पुन्हा खाली. विक्रीचे आलेख बघण्यात हयात गेली माझी. जीभ आवरणार कशी?

"वहिनी, तुमची विक्री ठरल्या वेळेला बसतेय."

प्रोफेसरबाई गालात हसल्या. "का बरं?"

"खोल खड्डा जेवणाचा, उथळ खड्डा चहाचा. गल्ल्यावर कोण असतं?"

"दोघं असतात. अगदी चिकटून."

"मग एक दुसऱ्याच्या आड येत असणार!"

"बरोब्बर!"

मला चेवच आला. "एकाला काढून टाका!"

"कसं काढू, पाटणकरजी? तारे आहेत ते!"

मग त्यांनी समजावलं. दोन तारे, एकमेकांना टेकलेले, वरचं पांघरूण दोघांत एकच. सात-आठ तासांत एकमेकांभोवती फेरी. एक पुढे आला की उजेड उतरतो. दुर्बिणीतूनही एकच ठिपका दिसतो; दोन आहेत हे सांगते ती ही रेघ.

पंखा फिरत होता, पडद्यावरचं ऊन उतरत होतं, आणि मी कुठल्या कुठे पोचलो होतो. त्या अथांग काळोखात दोघं एका चादरीत हळूहळू गिरक्या घेतायत... असली चादर विणली कुणी असेल हो? किती हात लांब असेल?

बायकोच्या कोपरानं जमिनीवर आणलं. अरे देवा, स्थळ गेलं! मी हात जोडले. "वहिनी, माझ्या अडाणीपणावरून पोराला जोखू नका. तो हुशार आहे."

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. सगळ्यांना दिला आणि एक कप वेगळा ठेवत म्हणाली, "निखिल, हा तुझा. बिनसाखरेवाला."

"हिला कसं कळलं?" मी बायकोच्या कानात विचारलं.

"अहो, दोन वर्षं झाली त्यांचं जमून! आजचं बघणं तुमच्या समाधानासाठी."

निखिलकडे पाहिलं. तो आलेख वाचण्यात गढलेला.

आणि बाजारात लोक म्हणतात, पाटणकरांच्या नजरेतून एक धागा सुटत नाही!