आखूड दस्त्याची कार्बाइन

माझ्याकडे बंदूक आहे, हे इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या मराठी ओळखीच्या लोकांत बरीच वर्षं कुणाला माहीत नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण सांगायला गेलं की पुढचा अर्धा तास समोरच्याची समजूत घालण्यात जायचा, आणि त्या काळात माझ्यात तेवढंही त्राण नसायचं. मी एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. नवऱ्याचं काम एडिनबरामध्ये. तो सोमवारी सकाळी विमानाने जायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायचा. मुलगी पंधरा वर्षांची. मधल्या पाच दिवसांत घर, ट्रेन, ऑफिस, तिची शाळा, सगळं माझ्या एकटीवर. रविवारी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, उद्या सोमवार.

अशातच ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने लंचला सहज विचारलं, कॉलेजात काही खेळायचीस का? म्हटलं, नागपूरला एनसीसीत होते, रायफल चालवायचे, नेम बरा होता. ती एकदम खूश झाली. तिचे वडील एका शूटिंग क्लबचे जुने मेंबर होते. "या रविवारी चल," म्हणाली. "निदान इनबॉक्स तरी दिसणार नाही."

क्लब गावाबाहेर, खडूच्या पांढऱ्या दगडाच्या एका जुन्या खाणीत होता. समोर मातीचा उंच बांध, मागे पत्र्याची शेड, आत चहाची किटली आणि ओल्या कोटांचा वास. मैत्रिणीचे वडील सत्तरीचे, आयुष्यभर कारखान्यात टूलमेकर म्हणून काम केलेले. बोटं जाड, पण स्क्रू उचलताना पाहावं तर सोनारासारखी चालायची. त्यांनी तीस वर्षं पिस्तूल चालवलं होतं. नव्वदच्या दशकात सरकारने पिस्तुलं बंद केली तेव्हा स्वतःची दोन्ही पिस्तुलं त्यांनी पोलीस स्टेशनात नेऊन दिली. त्यानंतर त्यांच्यासारख्या बऱ्याच जणांनी कार्बाइन धरली. कार्बाइन म्हणजे आखूड, हलकी रायफल, पण गोळी पिस्तुलाचीच. दर गोळीनंतर घोड्याखालची तरफ हाताने पुढे ढकलून मागे ओढायची, मगच पुढची गोळी आत येते. आपोआप काही होत नाही. आपोआप भरणारी इथे कायद्याने चालतच नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची कार्बाइन मला चालवायला दिली. पहिल्या दोन गोळ्या कुठे गेल्या देव जाणे. तिसरी निशाणाच्या कागदावर लागली. त्या तासाभरात मला ऑफिसची एकदाही आठवण आली नाही, हे मला घरी परतताना गाडीत कळलं.

लायसन्सला वेळ लागतो. आधी सहा महिने क्लबात उमेदवारी, मग अर्ज, मग ओळखीच्या दोन माणसांनी आपल्याबद्दल लिहून द्यायचं, मग पोलिसांचा माणूस घरी येणार. आमच्याकडे आलेले अधिकारी शांत स्वभावाचे होते. जिन्याखालच्या कपाटात भिंतीला बोल्ट मारून बसवलेली लोखंडी पेटी त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. मग म्हणाले, "चावी कुठे असते ते फक्त तुम्हाला माहीत असलं पाहिजे. मुलीला नाही, मिस्टरांनाही नाही."

नवरा आणि मी कॉलेजपासूनचे, त्यामुळे एकमेकांना अरेतुरे. अधिकारी गेल्यावर तो म्हणाला, "अगं, लोकं इथे गुलाब लावतात. तू काय करून राहिलीस?"

मी हसले, पण मला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत त्या घरात फक्त माझी म्हणावी अशी ती पहिली वस्तू होती.

कार्बाइन जुनीच घेतली. दिसायला सुंदर, चालवायला हट्टी. तरफ ओढताना बोटांची सालटं निघायची. घोडा इतका जड की दाबेपर्यंत नेम हलायचा. आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग, सहा फुटी माणसाच्या मापाचा. मी पाच फूट एक इंच. मान लांब करून नेम धरल्याने दुसऱ्या दिवशी पाठ भरून यायची.

टूलमेकर पाहत होते. एक दिवस म्हणाले, "ही तुझ्यासाठी बनवलेली नाही. आपण ती तुझी करून घेऊ."

तो सबंध हिवाळा दर शनिवारी दुपारी मी कार्बाइन घेऊन त्यांच्या बागेतल्या वर्कशॉपमध्ये जायचे. त्यांनी माझं कोपरापासून बोटापर्यंतचं माप घेतलं आणि अक्रोडाच्या लाकडाचा तो दस्ता करवतीने इंचभर कापला. करवत लागली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. कापलेल्या टोकाला रबराची गादी बसवली. तरफेला त्यांनी चामड्याची वादी गुंडाळायला शिकवलं. जड स्प्रिंग काढून हलकी घातली, आतले खडबडीत भाग दगडावर घासून गुळगुळीत केले. शेवटी नेम धरायची मागची जुनी खाच काढून तिथे बारीक भोकाची गोल चकती बसवली, कारण चाळिशीनंतर माझ्या डोळ्यांना खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि कागद या तिन्ही गोष्टी एकदम दिसेनाशा झाल्या होत्या. वसंतात मी पहिल्यांदा ती खांद्याला लावली तेव्हा मान सरळ राहिली. गोळ्या एका बशीच्या आकारात पडल्या. टूलमेकरांनी कागद काढून माझ्या हातात दिला.

तिथे थांबायला हवं होतं. पण मला त्या सुधारणांचीच चटक लागली. ट्रेनमध्ये मी कॅटलॉग वाचायचे. आणखी चांगली चकती, आणखी हलकी स्प्रिंग, मग दुसरी कार्बाइनच, नव्या बनावटीची. टूलमेकर चिडले. "बंदूक झाली आहे आता. काम आता तुझं आहे." मला ते पटायचं नाही. खरं सांगायचं तर नेम धरण्यापेक्षा स्क्रू बदलणं सोपं होतं, आणि मला सोपंच काहीतरी हवं होतं.

कारण ऑफिसात आमची सगळी टीमच पुण्याला हलवायचं ठरलं होतं. तिथल्या मुलींना काम शिकवायचं माझ्याकडे आलं, मराठी येतं म्हणून. रोज सकाळी फोनवर दोन तास. मुली हुशार होत्या, आधी मॅम म्हणायच्या, मग आपोआप ताई म्हणायला लागल्या. एकदा सगळं समजावून झाल्यावर त्यातल्या एकीने विचारलं, "ताई, आम्ही हे सगळं शिकलो की मग तुम्ही काय करणार?"

"बघू," म्हटलं.

मग ती म्हणाली, "सॉरी हं, ताई." मी फोन ठेवला आणि टॉयलेटमध्ये जाऊन नुसती बसून राहिले. रडू आलं नाही. ते आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर काय झालं हे मला नीट क्रमाने सांगता येत नाही. झोप येत नव्हती आणि जागही पुरती येत नव्हती. वरणाला फोडणी घालायची विसरायचे. मुलगी बोलत असायची आणि मला तिचे फक्त ओठ दिसायचे. शुक्रवारी नवरा आला की मी नीट वागायचे, कारण दोनच दिवसांचा प्रश्न असायचा. क्लबला मात्र जात राहिले.

एका रविवारी आम्ही पाचजण ओळीत उभे होतो. रेंजवर हुकूम द्यायचं काम त्या दिवशी टूलमेकरांकडे होतं. मी गोळ्या भरल्या, कार्बाइन खांद्याला लावली, आणि चकतीच्या त्या बारीक भोकातून समोर पाहत राहिले. किती वेळ, ते मला आठवत नाही. थांबायचा हुकूम दिला गेला, बाकीच्यांनी बंदुका रिकाम्या करून ठेवल्या, मला काहीच ऐकू आलं नाही. मग माझ्या मागून टूलमेकरांचा अगदी हलका आवाज, "खाली ठेव."

मी ठेवली. त्यांनी ती उघडून रिकामी केली. भरलेल्या सगळ्या गोळ्या तशाच बाहेर आल्या. मी एकही झाडली नव्हती.

शेडमध्ये त्यांनी मला चहा दिला. इतर लोक बाहेर थांबले. त्यांनीच थांबवलं असणार.

"एक विचारतो, रागावू नकोस," ते म्हणाले. "घरी ती तुझ्याजवळ असणं सध्या ठीक आहे का?"

"म्हणजे काय?"

"तुला कळतंय म्हणजे काय ते."

मला संताप आला. मी म्हटलं, "तुम्ही माझ्यावर संशय घेताय. मी दमलेय फक्त. सगळे दमतात."

"हो," ते म्हणाले. "माझा एक मित्र होता इथेच, माझ्या शेजारी उभा राहायचा. तोही म्हणाला होता, दमलोय. मी पुढे काही विचारलं नाही. भिडस्तपणा केला. त्याच्या अंत्यविधीला आम्ही सगळे गेलो होतो." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणून मी आता विचारतो."

मी कार्बाइन पिशवीत घातली आणि निघाले. गाडी चालवताना सबंध रस्ता मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. घराजवळच्या वळणावर भांडण संपलं. कारण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं हेच उत्तर होतं.

नवरा हॉलमध्ये आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत होता. मी कार्बाइन पेटीत कुलूपबंद केली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिले. म्हटलं, "मला बरं नाही वाटत. बरेच महिने झाले. आणि ती बंदूक आता घरात नको."

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. मला भीती होती की तो म्हणेल, मी सांगितलं नव्हतं का. तो म्हणाला, "मी उद्या जात नाही." मग शर्ट बाजूला ठेवत, "मला दिसत होतं गं. मला वाटलं, तुला विचारलं तर तू आणखी दमशील."

सोमवारी आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या लिहून दिल्या, कामावर जाऊ नका म्हणून चिठ्ठी दिली. दुपारी पोलिसांच्या लायसन्स विभागात मी स्वतः फोन केला. ते घरी आलेले अधिकारीच फोनवर आले. मला वाटलं होतं कपाळावर कायमचा शिक्का बसणार. ते म्हणाले, "कळवलंत हे चांगलं केलंत. दुकानदाराकडे ठेवायला द्या, मी त्यांना सांगतो. बाकीचं नंतर बघू." लायसन्स असलेला दुकानदार वीस मैलांवर होता. त्याने कार्बाइन उलटसुलट करून पाहिली, दस्त्यावर हात फिरवून म्हणाला, "हे काम कुणी केलं? फार छान आहे." मी सांगितलं. परतताना गाडी नवरा चालवत होता, मी सबंध वेळ झोपले. कित्येक आठवड्यांतली ती पहिली खरी झोप होती.

मुलीचा जन्म इथलाच. मराठी समजतं, बोलताना लिंगं घसरतात. संध्याकाळी पेटी उघडी आणि रिकामी पाहून तिने विचारलं, "आई, तुझा बंदूक विकला?"

"विकली नाही. ठेवायला दिली."

"का?"

"मी जरा आजारी आहे म्हणून."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. "माझ्यामुळे?"

त्या सगळ्या महिन्यांत मला पहिल्यांदा रडू आलं ते या एका शब्दाने. मी तिच्याशेजारी बसले आणि रडले, आणि ती माझ्या पाठीवर थापटत राहिली, ती लहान असताना मी तिला थापटायचे तशीच. "नाही गं," मी म्हणत होते, "तुझ्यामुळे नाही, तुझ्यामुळे नाही."

बरं व्हायला पुष्कळ वेळ लागला आणि ते सरळ रेषेत झालं नाही. नोकरी गेलीच. नवरा इकडे नोकरी शोधू लागला, ती मिळेपर्यंत उन्हाळा आला. मी पुढे एका कॉलेजच्या ऑफिसात अर्धा दिवस काम धरलं. टूलमेकरांना मी महिनाभर तोंड दाखवलं नाही. मग एका रविवारी गेले. ते म्हणाले, "कागद मोजायला माणूस हवाय." त्यानंतर वर्षभर मी बंदुकीला हात न लावता तिथे जात होते. इतरांच्या कागदांवरची भोकं मोजायची, चहा करायचा, पाऊस आला तर बोर्ड आत घ्यायचे. कुणी काही विचारलं नाही. इंग्रजांच्या या न विचारण्याचा मला एरवी राग येतो. तेव्हा आला नाही.

दीड वर्षाने डॉक्टरबाईंनी पत्र दिलं. अधिकारी पुन्हा घरी आले, पेटी पुन्हा हलवून पाहिली. या वेळी ते बराच वेळ बसले. झोप कशी आहे, कामाचं काय, असं सगळं सरळ विचारलं आणि मीही सरळ सांगितलं. कार्बाइन परत आली.

तोपर्यंत टूलमेकरांचे डोळे गेले होते, म्हणजे कडेचं दिसायचं, मधलं नाही. त्यांनी स्वतःहून लायसन्स सोडलं. मैत्रिणीची बदली दूर झाली होती, म्हणून महिन्यातून दोन रविवार मीच त्यांना गाडीतून क्लबला नेऊ लागले. ते माझ्यामागे खुर्ची टाकून बसायचे. त्यांना कागद दिसायचा नाही, पण तरफेच्या आवाजावरून म्हणायचे, "घाई करतेस." बहुतेक वेळा ते खरं असायचं.

दुपारी एक वाजेपर्यंत मी थकून जायचे. मग त्यांना घरी सोडायचं, वाटेत दूध घ्यायचं, आणि घरी येऊन कार्बाइन पुसून पेटीत ठेवायची. नवरा स्वयंपाकघरातून विचारायचा, "कसं झालं?"

"ठीक," मी म्हणायचे. आणि आम्ही जेवायला बसायचो.