अळंब्यांची जागा

माझे सासरे, म्हणजे आमचे आप्पा, जांबोटीचे. तिकडं रीतच आहे, रानात अळंबी कुठं उगवतात ते कुणी कुणाला सांगत नाही. घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडतील, पण अळंब्यांची जागा दाखवणार नाहीत. माझ्या नवऱ्यालासुद्धा आप्पांनी ती कधी दाखवली नव्हती. पाऊस मुरला की एकटेच जायचे आणि टॉवेलात बांधून आणायचे. मी निपाणीकडची, तंबाखूच्या माळावरची. लग्नाआधी रानातली अळंबी म्हटलं की मला विषबाधाच आठवायची. आप्पांनी पहिला घास स्वतः खाऊन दाखवला, तेव्हा कुठं मी हात लावला. आता त्या भाजीसाठी मी जीव टाकते.

गेल्या पावसाळ्यात त्यांची नजर फारच अधू झाली. बेळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता ती कमीच होत जाणार. आप्पांना पिरनवाडीला आमच्या घरी कायमचं आणायचं ठरलं आणि मी सामान बांधायला गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा काठी घेऊन उठले आणि मला बरोबर चल म्हणाले. कुठं, ते सांगेनात. वाटेत शेजाऱ्यानं हटकलं, तर ठोकून दिलं की गुरं बघायला निघालोय. गोठा रिकामा होऊन किती वर्षं झाली हे साऱ्या गावाला ठाऊक. शेजाऱ्यानं मान डोलावली आणि आम्ही कुठं वळतो ते न बघता निघून गेला. तीही रीतच म्हणायची.

एका वारुळापाशी आप्पा थांबले.

"बघ गं, हाईत काय?"

मला नुसता पाचोळा दिसत होता. नाही म्हणण्याआधी खात्री करावी म्हणून वाकून पाचोळा बाजूला केला, तर खाली पांढरी अळंबी दाटीनं उगवलेली. आहेत म्हटल्यावर आप्पा तिथंच खाली बसले. मग माझा हात धरून त्यांनी दाखवलं, देठ खालून धरून हलकेच कसा ओढायचा. कोयता लावायचा नाही, न उमललेली तशीच ठेवायची.

दुपारी मी अळंबी धुऊन हातानंच फाडली. कांदा, ओलं खोबरं, घरचा मसाला, आणि बरोबर तांदळाची भाकरी. घर वासानं भरलं. जेवताना धीर करून विचारलं, पोटच्या पोराला ती जागा का नाही दाखवली?

"त्येच्या पोटात काय ऱ्हात न्हाय," आप्पा म्हणाले. मग घास गिळून पुढं म्हणाले, "आता ती जागा तुझी. म्होरल्या साली कुठनं आणलीस म्हणून मी जरी इचारलं, तरी मला बी सांगू नगंस."

या घरानं मला पुष्कळ दिलं, पण इतक्या विश्वासानं कुणी काही हातात ठेवलं नव्हतं. मी सांगणार नाही म्हटलं, आणि त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली.