मामंजींचा छर्रा

माझे सासरे जेवताना छर्रा थुंकायचे. ताटात टण्ण आवाज व्हायचा, पंगत कौतुकानं बघायची आणि मामंजी मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "ह्यो मानंत घुसला हुता." घरी सशाचं मटण असलं की हा खेळ ठरलेला. तो छर्रा ते पाटावर बसण्याआधीच गालात धरून ठेवायचे, हे मला पहिल्याच वर्षी कळलं, कारण ससे सोलायची मी.

मी साताऱ्यात वाढलेली. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर लग्न होऊन कुंडलच्या बाजूच्या ह्या गावात आले, तेव्हा मला साधी कोंबडी धरता येत नव्हती. सासूबाई शिकारीचं मटण घरातल्या चुलीवर चढू द्यायच्या नाहीत, म्हणून परड्यात तीन दगड मांडून, तुरकाट्या पेटवून मला धुरात बसवलं. नवरा पलटणीत, तक्रार करायची कुणाकडं? दोन-तीन सशांत हात बसला. मागचे पाय बांधून टांगायचा, कातडं मोज्यासारखं खाली ओढायचं, मांसाला हळद-मीठ चोळून ठेवायचं. मग भाजलेलं कांदा-खोबरं आणि पाट्यावरचा लसूण सढळ हातानं घालायचा, नाहीतर वास मारतो. इतक्या सशांच्या अंगावरून माझा हात फिरला, पण एकालाही भोक नव्हतं. गळ्याभोवती मात्र काळानिळा वळ असायचा.

ससे धरायचा माळावर पाल टाकून राहिलेला एक फासेपारधी. मामंजी पहाटे बंदूक खांद्यावर टाकून निघायचे, त्याला पायलीभर जोंधळे द्यायचे, ससा घ्यायचे, आभाळात एक बार काढायचे आणि गावाला वळसा घालून, चार दारांवरून मिरवत घरी यायचे. त्यांचीही उभी नोकरी पलटणीतलीच, पण कोठारात कांबळी वाटण्यात गेलेली. सांगणं ऐकावं तर सरहद्द ह्यांच्याच नेमावर टिकून होती. मला त्यांची किळस यायची. आज बोलायला धीर आलाय म्हणून म्हणत नाही. तेव्हाही, पदर डोक्यावर असताना, यायचीच.

एकदा मामंजींचा गुडघा धरला, म्हणून पारधीच परड्यात आला. दिवस नुकता उगवत होता. ससा त्यानं माझ्या हातात दिला. घाईत फास सशाच्या गळ्यातच राहिला होता, पीळ दिलेल्या बारीक दोरीचा. मामंजी लंगडत गोठ्यामागं गेले आणि तिथून बार काढला. बैल बिथरले.

दहाच्या सुमाराला कळलं की पारध्याला चावडीत बसवलाय. दिवस उगवताना कुणीतरी मळ्यातल्या पाणी उपसायच्या इंजिनाचा पट्टा पळवला होता, आणि गावात काही गेलं की आधी पालावर जायचं, ही आमच्या शूर गावाची रीत. त्यानं सांगितलं, मी तेव्हा ससा द्यायला गेलो होतो. पोलीसपाटलांनी खात्री करायला मामंजींकडं माणूस धाडला. मामंजी म्हणाले, ससा मी मारला, बार साऱ्या गल्लीनं ऐकलाय.

थोड्या वेळानं त्याची बायको परड्याच्या कुडापाशी येऊन उभी राहिली. मटण शिजत होतं. ती भांडली नाही, रडली नाही.

"ससा तुमच्या हातात दिलाय त्येनं," ती म्हणाली. "बाई, त्येला लय मारत्यात."

दुपारी पंगतीला पोलीसपाटील स्वतः होते. मामंजींनी छर्रा थुंकला. मी रस्सा वाढायला वाकले आणि कमरेला खोचलेला फास काढून पाटलांच्या ताटात, मिठाशेजारी ठेवला.

"हा ह्या सशाच्या गळ्यात होता," मी म्हणाले. "दिवस उगवताना पारध्यानं ससा माझ्या हातात दिला."

सासऱ्यांसमोर मी आवाज काढल्याची ती पहिलीच वेळ. वाटलं, पाटील जेवण टाकून उठतील, निदान चकित तरी होतील. त्यांनी फासाकडं बघितलं. मामंजींकडं कुणीच बघितलं नाही. सगळे खाली माना घालून भाकरी कुस्करत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साऱ्यांना ठाऊक होतं. कितीतरी वर्षं ठाऊक होतं. एका म्हाताऱ्याची मिशी खाली येऊ नये म्हणून तिकडं एक माणूस मार खात होता, आणि ही थोर मंडळी इकडं नळी चोखत होती.

पाटलांनी बोटानं फास ताटाखाली सारला.

"सूनबाई," ते म्हणाले, "रस्सा झ्याक झालाय. आनखी वाढ."

आणि मी रस्सा वाढला.

पट्टा तिसऱ्या दिवशी इंजिनवाल्याच्याच भावाच्या गोठ्यात सापडला, तेव्हा पारध्याला सोडलं. तोवर त्याचा उजवा हात मोडलेला होता. पाल उठलं, पुन्हा त्या माळावर दिसलं नाही, आणि आमच्या घरी पुन्हा ससा आला नाही. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आता वय झालं, मुक्या जिवाची हत्या नको वाटते, म्हणून शिकार सोडली. लोक कौतुकानं माना डोलवायचे. त्यांना चहा मीच करून द्यायचे.