फिर्यादीतलं चौथं नाव

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी स्वतःच सांगतोय, कारण या सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच आहे. साताऱ्यातल्या एका शाळेत मी हयातभर फळ्यावर लिहीत आलो. सुट्टीला पलूसजवळच्या आमच्या गावी गेलो की सकाळपासून माणसं यायची. कुणाला वारसनोंदीचा अर्ज हवा असे, कुणाला तलाठ्याला द्यायची तक्रार. “गुरुजींनी लिवलं म्हंजे सायब वाचतोच,” असं गाव म्हणायचं आणि मी छाती फुगवून पेनाचं टोपण काढायचो.

मागच्या वर्षी माझ्या चुलतभावाची मुलगी माझ्याकडे साताऱ्याला आली. ती नर्स आहे. मिरजेत शिकली, सांगलीत खासगी दवाखान्यात पाच वर्षं रात्रपाळ्या केल्या, आणि आता सरकारी दवाखान्यासाठी तिची निवड झाली होती. ओल्या छत्रीसकट ती दारात उभी राहिली आणि चहाही न घेता म्हणाली, “काका, पोलिसांचा दाखला आडलाय. कागदाचं तुमाला लय कळतं, म्हणून आले.”

दाखला मिळायची रीत तशी सोपी झाली आहे. तिने चारित्र्य पडताळणीचा अर्ज मोबाइलवरूनच भरला होता. फोटो, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, कुठल्या कामासाठी हवा ते कारण, आणि आपलं पोलीस ठाणं निवडायचं. आठवड्याभरात ठाण्यातून फोन आला, मूळ कागद घेऊन ती गेली, तिथल्या हवालदाराने जुनी नोंद पाहिली आणि दाखला तयार झाला. फक्त त्यावर एक ओळ जास्तीची होती. मारहाणीचा गुन्हा दाखल, न्यायालयातून निर्दोष.

ती ओळ वाचून निवड समितीने तिला पत्र पाठवलं होतं. गुन्ह्याची फिर्याद, दोषारोपपत्र आणि निकाल यांच्या सही-शिक्क्याच्या नकला महिन्याच्या आत द्या, त्या पाहून नेमणुकीचं ठरवू. महिन्यातले नऊ दिवस गेले होते.

“अगं, मग नोकरीच्या फॉर्मवर ‘गुन्हा नाही’ लिहायचं होतंस,” मी म्हणालो. “निर्दोष सुटलीस ना?”

“इचारलं होतं की कवा गुन्हा दाखल झाला होता का. झाला होता. मग न्हाई कसं लिवू?”

मी तिच्याकडे न बघता पत्राची घडी घालू लागलो. कारण तो गुन्हा कसा दाखल झाला होता, हे तिच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या थोरल्या भावाचा, म्हणजे आण्णाचा, ऊस तुटत होता. ट्रॅक्टर बाहेर काढायची वाट हिच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या चुलतभावाच्या, रानातून जाते. त्याने नुकतीच तिथं शाळूची पेरणी केली होती आणि तो वाट देईना. बोलाचाली झाली, एकमेकांची गचांडी धरली, आणि त्या झोंबाझोंबीत आण्णा मागच्या मागे ट्रॉलीच्या लोखंडी हुकावर पडला. कपाळ फुटलं. मी बांधावर उभा होतो, मला स्पष्ट दिसलं. हेही दिसलं, की ही पोरगी घरातून पळत आली. दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती. तिने आपली ओढणी फाडली, आण्णाच्या डोक्याला घट्ट बांधली, आणि “आण्णा, डोळं मिटू नका, माझ्याकडं बगा,” असं म्हणत गाडी येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा.

संध्याकाळी चार टाके घालून आण्णा आणि मी पोलीस ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. भावकीतला एक जाणता माणूस आमच्याबरोबर आला होता. गावातल्या निम्म्या फिर्यादी त्याच्या सल्ल्याने होतात. आमच्या भागात एकाशी भांडण झालं तरी फिर्यादीत त्याच्या घरातली सगळी नावं घालतात. ती एक रीतच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी कागद काढला आणि चुलतभावाचं नाव लिहिलं. जाणता म्हणाला, “बायकूचं घाला. पोराचं घाला. आन पोरीचंबी घाला, गुरुजी. पोरीचं नाव आलं की बाप दोन दिसांत पाया पडाय येतोय बगा.”

“पोरीनं काय केलं? तिनं तर—” आण्णा म्हणाला.

“आवं, कोण तिला फाशी देतंय? वाट मिळाली की मिटवून टाकू. आन दगुड लिवा. नुसतं पडला म्हणून लिवलं तर गुन्हाच दाखल हुईत न्हाई.”

आण्णाने कपाळावरची पट्टी दाबून धरली. त्याचं डोकं ठणकत होतं. लिहिणारा मी होतो, आणि दगड कुणाच्या हातात द्यायचा हे मलाच ठरवायचं होतं. जाणत्याने ते सांगितलं नव्हतं. चुलतभावाच्या हातात दिला असता तर तो इरेला पेटून कोर्टात भांडला असता. पोरीच्या हातात दिला की तो वाकणार, असा हिशेब मी केला. चौथ्या नावापुढे मी लिहिलं: हिने घराजवळचा दगड उचलून माझ्या भावाच्या कपाळावर मारला. मग वाचून पाहताना लक्षात आलं, की फिर्याद आण्णाच्या तोंडची आहे, तेव्हा ‘माझ्या भावाच्या’ खोडून वर ‘माझ्या’ लिहिलं. वाक्य चांगलं उतरलं म्हणून मला बरंही वाटलं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण बरं वाटलं होतं हे खरं आहे.

जाणत्याचं खरं ठरलं. तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ आला, आण्णाच्या पायाशी टोपी ठेवली, वाट दिली. आम्ही गूळ-शेंगा खाल्ल्या आणि मिटलं असं समजलो. पण ठाण्यात गेलेला कागद गूळ-शेंगा खाऊन परत येत नाही. दोषारोपपत्र कोर्टात गेलं आणि चौघांना तारखा सुरू झाल्या. ती मिरजेहून पहाटेची एसटी धरून यायची, कोर्टाच्या व्हरांड्यात पुस्तक उघडून बसायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. हे मला आण्णाने सांगितलं. मी एकाही तारखेला गेलो नाही. शाळा आहे, असं सांगायचो. शेवटी आण्णाने साक्षीत ‘मला काही आठवत नाही’ म्हणून सांगितलं आणि चौघं सुटले.

आता नकला काढायला मी तिच्याबरोबर गेलो. नाही कसं म्हणणार? तालुक्याच्या कोर्टात नक्कल विभाग म्हणजे एक खिडकी. खटल्याचा नंबर, वर्ष, पक्षकारांची नावं, कोणकोणते कागद हवेत आणि कशासाठी, हे अर्जात लिहायचं, कोर्ट फीचं तिकीट लावायचं. अर्ज मी लिहायला घेतला, तर तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला. “ऱ्हाऊ द्या काका, मी लिवते. सवय झालीया.” निकाली खटल्याची फाइल अभिलेख कक्षातून वर यायला आठ दिवस लागतील, असं खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. ते आठ दिवस मी साताऱ्याच्या घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो. फाइल सापडू नये असंही एकदा मनात आलं. तिची नोकरी त्या फाइलीवर होती आणि मी ती हरवावी म्हणून देवाला सांगत होतो, इतका मी खालच्या पातळीला गेलो होतो.

फाइल सापडली. नकलांचा गठ्ठा घेऊन ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आधी निकाल वाचला. त्यात लिहिलं होतं, की फिर्यादी आणि साक्षीदारांनी सरकार पक्षाला साथ दिली नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येत आहे. तिने दगड मारला नाही असं त्यात कुठंच नव्हतं. कसं असणार? ते कुणी कोर्टाला सांगितलंच नव्हतं.

“समितीला ह्याचा काय उपेग न्हाई काका,” ती हळूच म्हणाली. “साक्षीदार फुटला म्हणून सुटली, असंच समजणार ते.”

मग तिने पान उलटलं आणि हाताने लिहिलेल्या मूळ फिर्यादीची झेरॉक्स नक्कल वर आली. टाइप केलेली फिर्याद तिने पूर्वी पाहिली होती, पण हा कागद कधीच पाहिला नव्हता. तिने चौथ्या नावावर बोट ठेवलं. पहिलीपासून तिच्या वह्यांवर नाव मी घातलं होतं. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्जही मीच भरला होता. तिला ते अक्षर ओळखायला कुणी सांगायची गरज नव्हती.

“मी लिहिलंय,” मी म्हणालो. “दगड तुझ्या हातात द्यायला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझंच.”

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने एवढंच विचारलं, “तुमी बांधावर हुता न्हवं?”

“होतो.”

“मी ओढणी बांधली ते बगितलं हुतं?”

“बघितलं होतं.”

तिने नकला फाइलीत घातल्या, नाडी बांधली आणि ती स्टँडकडे चालू लागली. मी मागे मागे गेलो. सांगलीची गाडी लागली तशी ती चढली, आणि मी खाली उभा राहिलो. 

त्या रात्री मी ठरवलं, की समितीला खरं लिहून द्यायचं. ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, “गुरुजी, खोटी फिर्याद लिहिली असं स्वतः कबूल करताय. उद्या कुणी उकरून काढलं तर पेन्शनपर्यंत जाईल. पुन्हा विचार करा.” आण्णाचा फोन आला, “मिटलेलं कशाला उकरतोस? माझंबी नाव हाय त्यात.” खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस घाबरून बसलो. साठी उलटलेला माणूस, आणि पोलीस येतील म्हणून दाराची कडी वाजली की दचकत होतो. तिसऱ्या दिवशी विचार आला, की ही भीती तिने वयाच्या विसाव्या वर्षी सोसली होती, काहीही न करता. मग मी वकिलाला जबाब टाइप करायला सांगितला आणि तिला फोन केला.

“टाइप नगं,” ती म्हणाली. “तुमच्या हातानं लिवा. त्यांच्यापुढं तुमची फिर्याद असणार हाय. अक्षर जुळवून बगतील, तवाच खरं वाटंल.”

मी लिहिलं. सही केली, खाली पत्ता आणि मोबाइल नंबर घातला. मुदतीच्या आदल्या दिवशी तो कागद नकलांबरोबर समितीकडे गेला. समितीने मला एकदा बोलावलं. तिथल्या अधिकारी बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढून जवळून पाहिले आणि विचारलं, “शिक्षक होता तुम्ही?” मी हो म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि त्या प्रश्नाने झाली तेवढी शिक्षा मला पुरली.

दीड महिन्याने तिला नेमणूक मिळाली. पाटणच्या पुढे, कोयनानगरच्या बाजूला. हजर व्हायला जाताना ती वाट वाकडी करून साताऱ्याला आली. मी बायकोला शिरा करायला सांगितला. मनात वाटत होतं, आता मिटलं. माणूस किती लवकर ‘मिटलं’ म्हणतो! ती आत आली, मला वाकून नमस्कार केला नाही, खुर्चीवर बसली आणि पिशवीतून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.

“समितीला दिल्याला जबाब परत लिवून द्या. पाच परती.”

“पाच? झेरॉक्स काढ की एकाचा.”

“झेरॉक्स नगं. ती ओळ दाखल्यावरनं जाणार न्हाई, काका. मी इचारलंय. बदलीला, पासपोर्टला, जवा जवा दाखला काढंन तवा ती येणार. तवा तुमाला बोलवाय तुमी असाल का न्हाई, कुणाला ठाऊक? मला तुमच्या हातची सही लागंल.”

तिने हे रागाने म्हटलं नाही. रुग्णाच्या नातेवाइकाला औषधाच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. मी टेबलाशी बसलो. मी बांधावर हजर होतो. तिने दगड मारला नाही. तिच्या हातात दगड नव्हता. तिने स्वतःची ओढणी फाडून जखमीचं डोकं बांधलं. फिर्यादीतलं तिच्याविषयीचं वाक्य मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. खोटं लिहायला मला टपरीवर एक मिनिट लागलं होतं, आणि आता खरं लिहायला सगळी दुपार गेली. तिसऱ्या प्रतीला हात कापायला लागला. शिरा गार झाला. ती समोर बसून एकेक प्रत हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होती.

पाचही झाल्या. तिने चार फाइलीत घातल्या आणि एक माझ्यापुढे परत सरकवली.

“ही परत लिवा, काका. ओढणीची ओळ वाचता येत न्हाई.”