साडूंची रेघ

जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक रेघ असते, तिच्या अलीकडचं आपलं आणि पलीकडचं दुसऱ्याचं, असं मानणारा आणि त्याप्रमाणेच जेवणारा, भांडणारा, ओझी उचलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे साडू. ही त्यांची श्रद्धा नव्हती, व्यवसाय होता. अमेरिकेतल्या पुष्कळ कंपन्या नोकरांच्या आजारपणाचा खर्च विमा कंपनीवर न टाकता स्वतःच भरतात. पण एखाद्याचं आजारपण फार लांबलं तर कंपनीच बसायची, म्हणून एक रेघ ठरते. रेघेपर्यंत कंपनी भरणार, पुढचं विमेवाला भरणार. याला स्टॉप-लॉस म्हणतात. ही रेघ कुठे ओढायची, ते म्युनिकमधल्या एका कचेरीत बसून आमचे साडू ठरवत. तिकडचे दवाखाने दरवर्षी महाग होत, त्यामुळे रेघही दरवर्षी वर सरके आणि साडूंना काम कमी पडत नसे.

कचेरीतली ही रेघ ते घरी घेऊन येत. आमच्याकडे पोह्यांची बशी हातात आली की आधी चमच्याने मधोमध रेघ ओढत आणि म्हणत, "इथपर्यंत मी. पुढचे तुम्ही, साडूभाऊ." आम्ही घर बदललं तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे मित्र सामान उचलायला आले होते. साडूंनी वॉशिंग मशीनची एक बाजू धरली आणि तिसऱ्या मजल्यावर ते शांतपणे खाली ठेवलं. आमचं घर चौथ्या मजल्यावर होतं. ताईंशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, भांडण झालं तर ठरावीक मर्यादेपर्यंत ते निमूट ऐकून घेत आणि मग सांगलीला सासूबाईंना फोन लावून रिसीव्हर ताईंच्या हातात देत. "आई, माझं झालं. पुढचं तुम्ही घ्या." सासूबाईही घेत.

ज्याचा आजार आधीपासून ठाऊक आहे, त्याच्यासाठी त्यांच्या धंद्यात वेगळी, जास्त कडक रेघ असते. माझी बायको कुठेही वेळेवर पोचत नाही. एकदा एस-बानच्या फलाटावर ती धावत आली तेव्हा साडू गाडीच्या दारातून म्हणाले, "इतरांसाठी मी एक गाडी सोडतो. तुमच्यासाठी नाही. तुमचा पूर्वेतिहास आहे."

"भावोजी, एक दिवस तुम्हाला थांबायला लागेल ना, तेव्हा बघते मी," ती म्हणाली. दार बंद झालं.

तो दिवस हिवाळ्याच्या सुरुवातीला आला. ताईंची मुलगी अपेक्षेपेक्षा फार लवकर जन्मली. हाताच्या पंजात मावेल एवढी होती, म्हणून सगळे तिला चिमी म्हणू लागले. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. अशा मुलांची साडूंना पुरेपूर माहिती होती. त्यांच्या कागदांवर सगळ्यात मोठे खर्च याच मुलांचे असत. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत कसा घालायचा, एवढं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते पिवळा झगा घालून, हात पाठीमागे बांधून उभे राहत. ताई म्हणत, "अरे, बोट तरी दे तिला." ते देत नसत.

एके दिवशी दुपारी त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "साडूभाऊ, तुमचं जर्मन बरं आहे. मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारा, आम्ही तिला आत्ताच घरी नेलं तर?"

"आत्ताच? ती अजून श्वास घ्यायला विसरते, ताई सांगत होत्या."

"रेघ येण्याआधी निघालेलं बरं. रेघ ओलांडली की लोकांचं बोलणं बदलतं." मग खाली बघून म्हणाले, "तसली पत्रं मीच लिहितो ना."

मी म्हणालो, "अहो, हे म्युनिक आहे. तुमच्या पगारातून दरमहा क्रांकेनकासचे, म्हणजे आरोग्यविम्याचे, पैसे कापतात, अर्धे तुमची कंपनी घालते. त्याला रेघ नसते."

"असेल. पण कुठेतरी असतेच रेघ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अमेरिकेतल्या शेकडो कंपन्यांच्या अटी तोंडपाठ असलेल्या या माणसाने स्वतःच्या विम्याची अट कधी वाचलीच नव्हती. विम्याचं कार्ड त्यांनी फक्त दातदुखीला वापरलं होतं.

डॉक्टरीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात लाकडी सपाता. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं आणि मान हलवली. इथून न्यायचं नाही. साडूंनी मग मला बाजूला सारून आपल्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "किती ठेवता? जास्तीत जास्त?"

"ती स्वतः दूध पिऊन वाढायला लागेपर्यंत."

"वेळ लागला तर?"

"मग जास्त ठेवू."

"आणि त्याच्या पुढे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न नीट कळला की नाही, अशी त्यांना शंका आली असावी. मग त्या म्हणाल्या, "त्याच्या पुढे उन्हाळा येईल. खिडक्या उघडू."

साडू बाकावर बसले. माझ्या बायकोने दोघांसाठी दिलेला पोह्यांचा डबा माझ्या हातात होता. तो त्यांनी घेतला, उघडला आणि चमच्याने रेघ न ओढता रिकामा केला. मग हात धुतले, आत गेले आणि गोल खिडकीतून बोट पुढे केलं. चिमीने ते धरलं. बराच वेळ ते हलले नाहीत. माझी बायको काचेपलीकडून पाहत होती.

चिमी ईस्टरच्या आधी घरी आली.

साडूंची नोकरी तीच आहे. खर्च वाढतच आहेत, रेघा वर सरकतच आहेत. आमच्या पोह्यांची वाटणीही पुन्हा सुरू झाली. चिमी आता शाळेत जाते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. बापाची विद्या तिने अचूक उचलली आहे. रविवारी आम्ही इझार नदीच्या काठाने फिरायला जातो, तेव्हा ती मध्येच थांबून हात वर करते. "बिस हिअर इश, पापा. दान दू." इथपर्यंत मी, पुढे तू. साडू तिला खांद्यावर घेतात आणि थेट घरी नेतात. जिना आला तरी खाली ठेवत नाहीत. मी एकदा म्हटलं, "द्या, पुढे मी घेतो." त्यांनी ऐकलं नाही.

चालायला लागली त्या वर्षी ती वाळूच्या खड्ड्यापर्यंत चालायची, मग आइस्क्रीमच्या टपरीपर्यंत. गेल्या रविवारी ती पुलापर्यंत चालत गेली, आणि पुलावरून घर दिसतं. तिला उचलून घेताना साडू म्हणाले, "रेघ वर चाललीय, साडूभाऊ."

"मग? तुमच्या धंद्यात हे चांगलंच ना?"

"हो, हो. फार चांगलं," ते म्हणाले, आणि नेहमीपेक्षा हळू चालू लागले.