दीड वाजताचा ड्रायव्हर

सलमाआपा कोणाच्याही लॅपटॉपला हात लावण्याआधी, काही बिघडलं तर तो पूर्ववत करता यावा, अशी सोय करून ठेवत. ‘आधी परतायचा रस्ता कर सुनील, मंग आत शिर,’ हे ऐकून ऐकून मी कंटाळलो होतो. जुन्नरच्या बाजारात एका दुरुस्तीच्या दुकानात आम्ही दोघं कामाला होतो.

खोडदचे बाळूभाऊ घरांचे नकाशे काढत. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर नकाशे अडकत अडकत उघडायचे. आपांनी तो तपासला आणि जेवायला घरी जाताना मला बजावलं, ‘कंपनीचाच ग्राफिक्स ड्रायव्हर टाकायचा. बाहेरचा नको.’ त्यांची पाठ वळताच मी कुठल्याशा वेबसाइटवरून नवा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, उतरवून बसवला. मला हुशारी दाखवायची होती. पडदा काळा झाला तो झालाच. आपा परतायच्या आत मी लॅपटॉप मिटून त्यांच्या टेबलावर ठेवून दिला.

काम आपांच्या नावावर होतं. दुसऱ्या दिवशी बाळूभाऊंसमोर लॅपटॉप उघडला, तर पडदा काळाच; मालक ओरडले, ‘बाईच्या हातात मशीन दिलं, माझंच चुकलं! उद्यापासून येऊ नको.’ आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू वेचू लागलो.

‘हे तुमच्याच तोंडून परत घेईन, मालक,’ एवढं बोलून त्या गेल्या.

महिन्याभरात त्यांनी मुद्दाम समोरचाच गाळा घेतला. टेबल असं मांडलं की मान वर केली की मालकच दिसावेत. आमची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडू लागली. प्रत्येकाला त्या आमच्या दुकानात ऐकू येईल अशा आवाजात विचारत, ‘समोरून आलात का? मंग बिघडलंच असंल.’

वर्षभराने बाळूभाऊ माळ्यावर पडलेला तोच लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. आमच्या मालकांनी ‘स्क्रीन गेली’ सांगून त्यांना नवा घ्यायला लावला होता. आपांनी तेव्हाच करून ठेवलेल्या परतीच्या रस्त्यानं बाहेरचा ड्रायव्हर काढला, कंपनीचा बसवला. पडदा उजळला. मग तो उघडा लॅपटॉप हातावर घेऊन, बाळूभाऊंना सोबत घेऊन, त्या आमच्या काउंटरवर आल्या.

‘वाचा मालक. ड्रायव्हर कवा टाकला ते मशीननंच लिवून ठेवलंय. दुपारी दीड. मी तवा घरी जेवत व्हते. दुकानात कोन व्हतं?’

मालक माझ्याकडे वळले. ‘मी,’ म्हणालो.

‘चुकलं माझं,’ मालक पुटपुटले.

‘मोठ्यानं. मला काढलं तवा लई मोठ्यानं बोलला व्हता.’

मालकांना ते मोठ्यानं म्हणावं लागलं. दारात चार माणसं थांबून ऐकत होती. मान खाली घालून मालक म्हणाले, ‘परत ये कामाला.’

‘नोकरी मागाय नाय आले मी.’

मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावलो. ‘आपा, मला माफ करा.’

त्या थांबल्या. इतकं शांत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ‘नाय करनार. माफ केलं तर तू इसरून जाशील. मला तसं नको हाय.’

त्याला आता सहा वर्षं झाली. बाजारात आपा भेटल्या की सगळ्यांशी बोलतात. माझ्याकडे मात्र, मी मान खाली घालेपर्यंत, नुसत्या बघत राहतात.